आपोआपचा आग्रह मी का सोडला

एकदा संगणकात टाकलेले गाणे घरातल्या प्रत्येक यंत्रावर आपोआप पोचले पाहिजे, त्यात माणसाचा हात लागता कामा नये, असे माझे पक्के मत होते. फोन, संगणक, टीव्ही, गाडीतली म्युझिक सिस्टीम, देवळातला स्पीकर, सगळीकडे एकच संग्रह असावा आणि एकीकडे केलेला बदल दुसरीकडे न सांगता उमटावा. या मतासाठी मी भजनी मंडळात वाद घातले, घरात घातले. पेनड्राइव्ह पुढे करून "यात भजनं भरून दे" म्हणणाऱ्यांना "आता कशाला हे?" असे विचारत आलो. आज मी याच्या उलट सांगतो. जे संगीत जपायचे आहे ते एका जागी, मूळ प्रत म्हणून, वेगळे ठेवावे आणि तिथून ते यंत्रांवर हाताने, एकाच दिशेने न्यावे. हे मत का बदलले ते नीट मांडावे, म्हणून हे मनोगत.

मी सुप्याचा. पुणे–नगर रस्त्यावरचे, पारनेर तालुक्यातले हे गाव आता औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जाते. तिथल्याच एका कारखान्यात मी इलेक्ट्रिकल मेंटेनन्सचे काम करतो. पण या तालुक्याची जुनी ओळख वेगळी आहे. तुकोबांना गुरू मानणारे संत निळोबाराय आमच्याच तालुक्यातल्या पिंपळनेरचे. आषाढीला त्यांची पालखी पिंपळनेरहून पंढरपूरला जाते. त्यामुळे हरिपाठ, काकडा, सप्ताह, काल्याचे कीर्तन हे इथल्या घराघरांत मुरलेले आहे. मी भजनात पेटी वाजवतो. वडील वीणा घेऊन उभे राहत. त्यांनी टेपरेकॉर्डर घेतला तेव्हापासून सप्ताहातली कीर्तने, जुन्या जाणत्यांच्या चाली, गवळणी, असे बरेच काही कॅसेटवर धरून ठेवले. आत्याच्या जात्यावरच्या ओव्याही त्यात आहेत. या कॅसेटी मी सवडीने संगणकावर उतरवल्या. यातले काहीही कुठल्याही ॲपवर मिळत नाही, पैसे मोजूनही मिळत नाही. माझ्या सगळ्या म्हणण्याच्या मुळाशी ही गोष्ट आहे.

आपोआपचा आग्रह धरण्यामागे माझी कारणे होती आणि ती आजही मला कमी वाटत नाहीत. कॅसेटच्या काळात एखादी चाल ऐकायची तर ती कॅसेट कोणाकडे गेली आहे इथपासून शोध सुरू व्हायचा. प्रतीवरून प्रत काढली की आवाज उतरायचा आणि खरखर चढायची. डिजिटल फाइलची प्रत मात्र मुळाबरहुकूम निघते, शंभरावी प्रतही पहिलीसारखीच. मग ती प्रत काढण्याचे काम माणसाने का करायचे? कारखान्यात दिवसभर यंत्रांच्या मागे लागणाऱ्या माणसाला घरी आल्यावर गाणे ऐकण्यासाठी पुन्हा तेच करावे लागू नये, असे मला मनापासून वाटायचे. शिवाय घरातली मंडळी. आईला फोल्डर, फाइल, कार्ड यांतले काही माहीत असण्याचे कारण नाही. तिने फोन हातात घ्यावा आणि भूपाळी लागावी, एवढेच तिला हवे. ते आपोआपनेच साधते.

म्हणून मी एक सिंक करणारी सेवा घेतली, सगळी यंत्रे तिला जोडली आणि सगळा संग्रह तिच्या हवाली केला. बरेच दिवस ठीक चालले. मग तक्रारी येऊ लागल्या. सगळ्या किरकोळ होत्या आणि सगळ्या वेगवेगळ्या.

पहिली तक्रार गाडीतली. हरिपाठाचे अभंग एका ठरलेल्या क्रमाने म्हणतात. गाडीत मात्र ते मागेपुढे लागत. संगणकावर क्रम बरोबर, फोनवर बरोबर, गाडीत चुकीचा. दोष म्युझिक सिस्टीमचा, असे म्हणून मी सोडून दिले. पुढे कळले की गाडीतल्या बऱ्याच सिस्टीम फाइलचे नाव बघतच नाहीत. पेनड्राइव्हच्या यादीत फाइल ज्या क्रमाने लिहिल्या गेल्या त्याच क्रमाने त्या वाजवतात. सिंक करणारा प्रोग्राम आपल्या सोयीने, जी फाइल आधी तयार असेल ती आधी उतरवतो. म्हणजे सिस्टीम तिच्या नियमाने बरोबर आणि सिंक त्याच्या नियमाने बरोबर. दोघांचे नियम जुळत नव्हते, इतकेच. तेच अभंग एक–एक करून क्रमाने पेनड्राइव्हवर टाकले की गाडीतही क्रमाने लागतात.

दुसरी तक्रार मोठ्या फाइलची. सप्ताहातले कीर्तन मी चांगल्या प्रतीत ध्वनिमुद्रित करतो. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट. जगभरातले ध्वनिसंग्रह जपणुकीसाठी हेच प्रमाण पसंत करतात. या हिशेबाने स्टीरिओ आवाजाला सेकंदाला ५,७६,००० बाइट लागतात. दोन तासांचे कीर्तन ४ जीबीच्या अगदी काठावर येते. महाराज रंगात आले आणि कीर्तन दोन तास पाच मिनिटे चालले की ४ जीबीची रेघ ओलांडली जाते. एफएटी३२ या जुन्या पद्धतीने तयार केलेल्या पेनड्राइव्हवर यापेक्षा मोठी फाइल बसतच नाही, पेनड्राइव्ह रिकामा असला तरी. गाडीतल्या आणि देवळातल्या स्पीकरला तर बहुधा हीच जुनी पद्धत वाचता येते. त्यामुळे आदल्या दिवशीचे कीर्तन जायचे, दुसऱ्या दिवशीचे अडकायचे आणि "पेनड्राइव्ह खराब आहे" असा निकाल लागायचा. कितीतरी चांगले पेनड्राइव्ह या एका कारणाने लोक फेकून देतात.

याच एफएटी३२ची आणखी एक खोड. फाइल कधी बदलली ती वेळ या पद्धतीत दोन–दोन सेकंदांच्या पायरीने नोंदवली जाते. संगणकावर तीच वेळ बारीक अंशापर्यंत लिहिलेली असते. सिंक करणारा प्रोग्राम दोन्ही वेळा ताडून बघतो, त्या तंतोतंत जुळत नाहीत आणि फाइल बदलली असे समजून तो सगळा संग्रह पुन्हा उतरवायला घेतो. दर वेळी. दोन सेकंदांचा फरक माफ करण्याची सोय चांगल्या प्रोग्राममध्ये असते, पण ती आपण शोधून चालू करायची असते.

तिसरी तक्रार देवळातली. एक स्पीकर वायरने जोडलेला, दुसरा ब्लूटूथने. दोन्हीकडे एकाच फोनचा आवाज, तरी टाळ दुहेरी ऐकू यायचा. ब्लूटूथमध्ये आवाज आधी दाबून बारीक करावा लागतो, हवेतून पाठवावा लागतो, पलीकडे पुन्हा उलगडावा लागतो. त्यात सेकंदाचा दहावा ते पाचवा हिस्सा सहज जातो. एकट्याने ऐकताना तो जाणवत नाही, पण भजनाच्या ठेक्यात तो लगेच खुपतो. यावर इलाज सोपा. दोन्ही स्पीकर वायरने जोडायचे, किंवा दोन्ही एकाच जातीचे घ्यायचे.

आईच्या फोनची तक्रार चौथी. भूपाळी सुरू होई आणि पडदा काळा झाला की थोड्या वेळात बंद पडे. फोनची बॅटरी वाचवणारी यंत्रणा मागे चालणारे प्रोग्राम बंद करते. गाण्याच्या ॲपला त्यातून सूट द्यावी लागते. सेटिंगमधली एक खूण बदलली आणि प्रश्न मिटला.

यातली प्रत्येक तक्रार सुटली. तरीही माझे मत बदलत नव्हते. अजून थोडे नीट जमवले, चांगला फोन घेतला, दुसरी सेवा घेतली की सगळे सुरळीत होईल असे मी म्हणत राहिलो. पाचव्या तक्रारीने मात्र मला थांबायला लावले. ती जरा सविस्तर सांगतो, कारण ती मराठीत लिहिणाऱ्या कुणालाही भेटू शकते.

भाचा पुण्यात असतो. ध्वनी आणि व्हिडिओच्या संकलनाचे काम करतो. त्याच्याकडे जुना मॅक संगणक आहे. काही ध्वनिमुद्रणांतली खरखर काढायला मी तेवढी त्याच्याकडे दिली होती. काम झालेल्या फाइल त्याने त्याच नावांच्या फोल्डरमध्ये घालून परत दिल्या आणि मी त्या सिंकमध्ये सोडल्या. त्यानंतर फोनवर काही फोल्डर दोन–दोन दिसू लागले. 'दुसऱ्या दिवशीचे कीर्तन' दोनदा, 'तिसऱ्या दिवशीचे कीर्तन' दोनदा, 'वारकऱ्यांची भजने' दोनदा. पण 'पहिल्या दिवशीचे कीर्तन' एकच, 'चौथ्या दिवशीचे' एकच, 'काकडा' एकच, 'गवळणी' एकच. नावे अक्षरशः सारखी. वेलांटीचाही फरक नाही.

तेव्हा मला हे उलगडले नाही. पुढे एका वहीत दोन याद्या शेजारी शेजारी लिहिल्या आणि बघत बसलो. दुहेरी झालेल्या प्रत्येक नावात 'ऱ्या' होता. एकेरी राहिलेल्या एकाही नावात तो नव्हता.

आपल्या डोळ्यांना 'ऱ्या' एकच दिसतो, पण संगणकाच्या पोटात तो निरनिराळ्या रीतींनी लिहिता येतो. युनिकोडमध्ये या अर्ध्या र साठी ऱ हा स्वतंत्र वर्ण आहे. तोच साध्या र खाली नुक्ता देऊनही लिहिता येतो, आणि युनिकोडच्या नियमाने दोन्ही समान धरायचे असतात. काही कळफलक तर तिसऱ्याच रीतीने, र ला हलन्त देऊन पुढे एक न दिसणारे जोडचिन्ह घालून, हाच आकार उमटवतात. मॅकची जुनी फाइलपद्धत नाव साठवताना ऱ फोडून र आणि नुक्ता असे दोन तुकडे करून ठेवत असे. २०१७ मध्ये आलेल्या नव्या पद्धतीत हे बंद झाले, पण जुनी यंत्रे आणि जुन्या डिस्क अजून वापरात आहेत. माझ्या विंडोज संगणकाला मात्र ऱ वेगळा आणि र अधिक नुक्ता वेगळा. म्हणून सिंकने प्रामाणिकपणे दोन वेगळी फोल्डर ठेवली. एकात पूर्ण संग्रह, दुसऱ्यात भाच्याने दुरुस्त केलेल्या मोजक्या फाइल.

नंतर जे झाले ते अगदी साधे होते. फोनमधली जागा भरत आली. मुलाने एकाच नावाची दोन फोल्डर पाहिली आणि जास्तीचे एक काढून टाकले. कुणीही समंजस माणूस तेच करील. काढले गेले ते पूर्ण संग्रहाचे. सिंकने आपले काम चोख केले. संगणकावरून ते गेले, टॅबवरून गेले, क्लाऊडमधून गेले. सेवेच्या कचरापेटीत फाइल काही दिवस राहतात, पण आमच्या लक्षात येईपर्यंत ती मुदत उलटली होती. 'वारकऱ्यांची भजने' या फोल्डरमध्ये वडिलांच्या पिढीतल्या विणेकऱ्यांच्या चाली होत्या. ज्यांनी त्या म्हटल्या त्यांतले बहुतेक आज नाहीत. मूळ कॅसेटी पत्र्याच्या पेटीत आहेत, पण त्या काळी कॅसेट महाग, म्हणून काहींवर नंतर दुसरे काही भरले गेले होते, आणि काहींची फीत चिकटून बसली होती.

परत मिळाले ते पेनड्राइव्हमुळे. मंडळातले एक जुने पखवाजी, आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणतो, हे सगळे फोल्डर कधीतरी माझ्याकडून भरून घेऊन गेले होते. मी विचारले तेव्हा म्हणाले, "रोज ऐकतोय की मी ट्रॅक्टरवर. घेऊन जा, पण माघारी आण." त्या पेनड्राइव्हवर बरेच काही निघाले. एमपीथ्रीच्या दाबलेल्या प्रती होत्या, मूळची प्रत नव्हे. पण चाल कळते, शब्द कळतात, आवाज ओळखू येतो.

या प्रसंगात यंत्राने चूक केली नाही, सेवेने केली नाही, मुलानेही केली नाही. प्रत्येकाने आपापल्या जागी योग्य तेच केले आणि तरी संग्रह गेला. म्हणजे माझा आग्रह ज्या गोष्टीसाठी होता त्या गोष्टीतच हा धोका घडवलेला होता. सिंक म्हणजे सगळ्या प्रती सारख्या ठेवणे. जोडणे जसे सगळीकडे पोचते तसे पुसणेही सगळीकडे पोचते. पाच यंत्रांवर पाच प्रती आहेत असे मला वाटत होते. प्रत्यक्षात ती एकच प्रत होती, पाच ठिकाणांहून दिसणारी. तात्यांचा पेनड्राइव्ह सिंकपासून तुटलेला होता म्हणूनच तो खरी दुसरी प्रत ठरला.

त्यानंतर मी इतर बाजूंनीही विचार केला. काही सेवा आपली फाइल चढवून न घेता तिचे नाव आणि कलाकार बघत आणि स्वतःच्या भांडारातले त्याच नावाचे गाणे तिच्या जागी देत. चढवण्याचा वेळ वाचे, जागा वाचे. पण आमच्या मंडळाने म्हटलेला प्रसिद्ध अभंग दुसऱ्या यंत्रावर एका मोठ्या गायकाच्या आवाजात लागला, हे मी स्वतः ऐकले आहे. तो आवाज थोरच, पण मला आमच्या देवळातला हवा होता. नुसत्या नावावर भरवसा ठेवणारा माणूस पारनेरच्या सुप्याला निघतो आणि बारामतीच्या सुप्यात उतरतो, तसे हे.

आणि सेवा कायम राहतील याची हमी कोण देणार? मायस्पेसने २०१९ मध्ये जाहीर केले की २००३ ते २०१५ या काळात लोकांनी तिथे चढवलेले संगीत सर्व्हर बदलताना नष्ट झाले. गूगल प्ले म्युझिक २०२० च्या अखेरीस बंद झाले. लोकांना आपला संग्रह दुसरीकडे न्यायला मुदत दिली गेली, पण ती मुदत पाळणे ज्याच्या त्याच्यावर होते. आपल्याकडे विंक म्युझिक २०१४ मध्ये आले आणि २०२४ मध्ये ते गुंडाळण्याचे जाहीर झाले. यात कुणी फसवले असे मी म्हणत नाही. कंपन्या धंद्याच्या हिशेबाने चालतात, सेवा सुरू करतात आणि बंद करतात. सिनेमातले गाणे एका ठिकाणाहून गेले तर दहा ठिकाणी सापडते. आत्याच्या ओव्यांचे तसे नाही.

ओव्यांवरून आठवण झाली ती पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉईटवाँ यांच्या कामाची. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून अधिक. पुढे बर्नार्ड बेल यांनी त्यांतल्या कितीतरी ध्वनिमुद्रित केल्या. आज त्या 'परी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात वाचता आणि ऐकता येतात. एवढ्या ओव्या टिकल्या त्या कुठल्या यंत्राने आपोआप जमवल्या म्हणून नव्हे. कुणीतरी गावात जाऊन बसले, प्रत्येक ओवी लिहून घेतली, ती कुणी म्हटली, कोणत्या गावची, याची नोंद केली आणि त्या नोंदी वर्षानुवर्षे सांभाळल्या. जपणुकीला माणूस लागतो, ही गोष्ट या कामाकडे बघून मला स्पष्ट दिसली.

आता मी काय करतो तेही सांगतो, कारण नुसते मत बदलून भागत नाही.

मूळ संग्रह एका वेगळ्या हार्डडिस्कवर आहे. तिच्यावरून गाणे वाजवायचे नाही, तिला सिंक लावायचे नाही, काम झाले की ती काढून कपाटात ठेवायची. तिची दुसरी प्रत पुण्याला भाच्याच्या घरी आहे, म्हणजे इथे काही बरेवाईट झाले तरी तिथे राहील. मूळ प्रती न दाबलेल्या, किंवा काहीही न गमावता दाबणाऱ्या फ्लॅक पद्धतीच्या. फोन, गाडी, ट्रॅक्टर यांच्यासाठी त्यांवरून एमपीथ्री काढायच्या. मूळ प्रतीतून वाजवायच्या प्रतीत जायचे, उलट कधी यायचे नाही. फोनवर कुणी काहीही पुसले तरी मुळाला धक्का लागत नाही.

फाइलचे नाव रोमन अक्षरांत, आधी क्रमांक, तोही ००१, ००२ असा तीन आकडी. नाहीतर काही यंत्रे एकानंतर दोन न घेता दहा घेतात. पूर्ण मराठी नाव, गायक, गाव, साल हे सगळे फाइलच्या आत, टॅगमध्ये. तिथे 'ऱ्या' कसाही लिहिला तरी फोल्डर दुहेरी होत नाही. मराठी नावे बाहेरून काढून आत ठेवताना मला वाईट वाटले. पण नाव टिकणे मला दिसण्यापेक्षा मोठे वाटते. याच नोंदी एका जाड वहीतही लिहिल्या आहेत. वही उघडायला कुठलाही प्रोग्राम लागत नाही.

तक्रार आली की मी कारखान्यातली रीत वापरतो. तिथल्या पॅनेलवर 'ऑटो' आणि 'मॅन्युअल' असा खटका असतो. लाइन बंद पडली की आम्ही आधी तो मॅन्युअलला घेतो आणि एक–एक मोटर वेगळी चालवून बघतो. ऑटोमध्ये सगळे एकमेकांत गुंतलेले असते, दोष कुठे आहे ते समजत नाही. गाण्याचेही तेच करतो. सिंक थांबवायचे. मग एक कसोटीची फाइल वापरायची, साधी १२८ केबीपीएसची एमपीथ्री, नाव रोमन आणि आखूड. ती त्या यंत्रावर वाजली तर यंत्र ठीक. मग अडलेल्या फाइलचे नाव बदलून बघायचे. वाजली तर दोष नावात. नाही वाजली तर तिचा प्रकार बदलून बघायचा. तरीही नाही तर पेनड्राइव्ह कोणत्या पद्धतीने तयार केला आहे ते बघायचे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि बदलली की लिहून ठेवायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाणे वाजले, तर कशाने वाजले ते कधीच कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

जुने मत मी पूर्ण टाकले आहे असे नाही. आईच्या फोनवर आपोआप गाणी येण्याची सोय आजही चालू आहे आणि ती तशीच राहील. तिने ऐंशीच्या घरात पेनड्राइव्ह कशाला शिकायचा? नाट्यगीते, चित्रपटगीते, मोठ्या गायकांचे अभंग मीही ॲपवरच ऐकतो. त्यांच्या प्रती जगात असंख्य आहेत, माझी एक गेली तर काही बिघडत नाही. फरक मी इथे करतो: ज्याची प्रत दुसऱ्या कुणाकडे नाही ते संगीत आपोआपच्या हाती द्यायचे नाही. ऐकण्यासाठी सिंक चांगले. जपण्यासाठी मात्र कुणा माणसाने जबाबदारी घ्यावी लागते.

माझ्या मताला भाच्याचा आक्षेप आहे, आणि तो खोटा नाही. तो म्हणतो, हाताने करायच्या कामाला माणूस कंटाळतो. महिनाभर करील, मग सोडून देईल, आणि शेवटी एकही प्रत उरणार नाही. यंत्र कंटाळत नाही. हे खरे आहे. म्हणून ते काम थोडे आणि ठरलेल्या वेळी करायचे असे मी ठरवले आहे. सप्ताह संपला की त्याची ध्वनिमुद्रणे मूळ संग्रहात घालायची, दिवाळीत दोन्ही डिस्क समोरासमोर लावून ताडायच्या. भजनाला वारीचे, एकादशीचे, सप्ताहाचे वेळापत्रक असते. जपणुकीचे काम त्याच वेळापत्रकाला बांधले की ते विसरले जात नाही.

आता प्रत्येक गावात सप्ताहाचे कीर्तन दहाबारा फोनवर ध्वनिमुद्रित होते. त्याच रात्री ते व्हॉट्सॲपवर फिरते. पाठवताना व्हिडिओ दाबला जातो, आवाजाची प्रत उतरते, फाइलचे नाव जाऊन नुसता तारखेचा आकडा उरतो. सालभराने कुणाचा फोन भरतो, कुणाचा पडतो, कुणी नवा घेतो. मग पाच वर्षांपूर्वी आपल्याच देवळात कोणी काय म्हटले हे कुणालाच सापडत नाही. ज्या काळात ध्वनिमुद्रण इतके सोपे झाले आहे त्याच काळात गावाच्या आवाजाची इतकी हेळसांड व्हावी, हे मला सहन होत नाही.

म्हणून भजनी मंडळांना माझी विनंती आहे. सप्ताहासाठी मंडपवाला ठरतो, माइकवाला ठरतो, पंगतीचा मानकरी ठरतो. त्याच बैठकीत ध्वनिमुद्रण सांभाळणारा एक माणूस ठरवावा. मूळ प्रत त्याच्याकडे आणि दुसरी प्रत दुसऱ्या घरी, सिंकला न जोडलेली. कोणी म्हटले, कोणती चाल, कोणते साल, एवढी नोंद त्याने वहीत करावी. खर्च एका हार्डडिस्कचा आणि एका वहीचा. पुढे ज्याला ऐकायचे त्याने हवे तर सिंक करावे, हवे तर पेनड्राइव्ह पुढे करावा. तो भरून द्यायला मी आता नाही म्हणणार नाही.